रास अल हद: दोन बादल्या पाणी आणि एक रिव्हर्स

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, अरविंदला, गाडी चालवायला मनाई केली तो मंगळवार होता, आणि गुरुवारपर्यंत त्याने ट्रेलरला गिऱ्हाईक शोधलंसुद्धा होतं. काचबिंदूमुळे त्याला समोरचं नीट दिसतं, कडेचं दिसत नाही. "कडेचं न दिसणाऱ्या माणसाने मागे घर बांधून गाडी चालवू नये," एवढंच तो म्हणाला आणि मस्कतच्या कुरुम भागातल्या त्याच्या ऑफिसातल्या सालिमला फोन लावला. सालिम मस्कतचाच, माझ्यापेक्षा चांगलं हिंदी बोलणारा. मुलांना समुद्रावर न्यायला त्याला असा ट्रेलर हवाच होता.

ट्रेलर म्हणजे चार मीटर लांबीचं चाकांवरचं घर. दोघांचा पलंग, छोटं सिंक, गॅसची शेगडी आणि एक फ्रीज. पाच वर्षांपूर्वी, २०१० मध्ये, देश सोडून चाललेल्या एका इंग्रज शेजाऱ्याकडून आम्ही तो घेतला. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, मी शाळेतून निवृत्त झाले होते, आणि अल् घुब्राचा दोन खोल्यांचा फ्लॅट अचानक मोठा वाटायला लागला होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात अरविंद गाडी चालवायचा आणि मी शेजारी बसून संत्री सोलायचे. एकेक फोड त्याच्या हातात द्यायची. आमच्या संसारातलं निवांत बोलणं बहुतेक त्याच सीटांवर झालंय.

"विकू नकोस. मी ओढते," मी म्हटलं.

"पुढे ओढणं कुणालाही जमेल, नीला. मागे घेणं?"

हा टोमणा कळायला इथली वाहन परवान्याची परीक्षा माहीत हवी. ओमानमध्ये आधी ड्रम टेस्ट असते. चार पिंपं उभी करतात आणि त्यांच्यामध्ये गाडी उलटी घ्यायची, पिंपाला धक्का लागला की खलास. मी पाच वेळा नापास झाले होते. सहाव्या वेळी पास झाले तेव्हा परीक्षक पोलिसानेच सुटकेचा निःश्वास टाकला, असं अरविंद आजही लोकांना सांगतो.

"मग जिथे मागे घ्यावं लागणार नाही अशा जागा शोध," मी म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं. पाच दिवस, ओमानच्या पूर्व टोकाला रास अल हदपर्यंत जाऊन परत. मला जमलं तर ट्रेलर राहील. नाही जमलं तर शनिवारी संध्याकाळी, आम्ही ट्रेलर ठेवतो त्या अल अमेरातला येऊन सालिम तो घेऊन जाईल. सालिमलाही तसं सांगून ठेवलं. "इन्शाल्ला," तो म्हणाला. कोणत्या बाजूने, ते कळलं नाही.

आता ज्यांना असं काही ओढायचं आहे त्यांच्यासाठी गाडीविषयी थोडं. सुरुवातीला आमची सेडान होती आणि तिला हुक लावून मिळेल असं गॅरेजवाला म्हणाला होता. हुक कशालाही लावून मिळतो. गाडी किती वजन ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी वेगळा आकडा, बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळा. आमचा ट्रेलर कागदावर साडेसातशे किलोचा. पाणी, गॅस, अंथरुणं, कुकर आणि माझे डबे भरून वजनकाट्यावर नेला तर हजाराला टेकला. म्हणून रिकाम्या वजनावर जाऊ नका. भरून मोजा, आणि गाडीची क्षमता त्याहून बरीच जास्त असू द्या. आम्ही शेवटी जुनीच पण दणकट चौकटीची फोर व्हील ड्राइव्ह घेतली. ती दिसायला म्हैस आहे, पण चढाला धापा टाकत नाही. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर ठेवायचं. मागे ठेवलं तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, आणि ती शेपटी मग गाडीला हलवते. बाजूचे लांब आरसे हवेतच. परवान्याचे आणि नोंदणीचे नियम बदलत असतात, ते वाहतूक पोलिसांकडेच विचारा.

ट्रेलर आम्ही अल अमेरातला एका वर्कशॉपच्या आवारात ठेवतो. पुढच्या मंगळवारी सकाळी तिथे जाऊन जोडला, दिवे तपासले आणि निघालो. बौशरहून अमेरातला येणारा डोंगरी रस्ता रिकाम्या गाडीने छान आहे, पण ट्रेलर घेऊन त्या उतारावर जाऊ नये. कुरियातच्या रस्त्याला लागल्यावर मी ऐंशीच्या वर गेले नाही. उतार आला की खालचा गिअर टाकायचा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे अरविंदने तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सुरू झाला तेव्हा मी म्हटलं, "संत्री सोल." तो सोलायला लागला. त्याच्या फोडी फाटत होत्या आणि माझ्या बाहीवर रस गळत होता.

पेट्रोल इतकं स्वस्त की त्याचा विचार करायला नको. कुरियातला एका मल्याळी कॉफी शॉपमध्ये पराठा, ऑम्लेट आणि कपभर गोड चहा. पहिला मुक्काम फिन्सच्या समुद्रकाठी, पांढऱ्या वाळूवर. गाडी एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, म्हणून अरविंदने ती जागा निवडली होती. मी एकदाही मागे न बघता सबंध दिवस काढला. जेवताना अरविंद म्हणाला, "चांगली चालवतेस." लग्नाला चौतीस वर्षं झाली, चुलीपलीकडचं हे पहिलंच प्रशस्तिपत्र.

बुधवारी सूरवरून रास अल हदला पोचलो. कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर तळ ठोकू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. गावाबाहेरच्या कडक सपाट जमिनीवर ट्रेलर लावला. वारा फार. बाहेर शेगडीची ज्योत टिकेना आणि बंद ट्रेलरमध्ये गॅस फार वेळ जाळू नये.

गुरुवारी अरविंदचा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवसाला डोक्याला तेल आणि कडकडीत पाण्याची आंघोळ, मग औक्षण. सासूबाईंनी घालून दिलेली रीत मी मुलीच्या वाढदिवसाला मस्कतच्या जूनमध्येही मोडलेली नाही. म्हणून पुण्याच्या घरातला बादलीत सोडायचा हीटरचा रॉड मी चादरींच्या तळाशी लपवून आणला होता. अरविंद सकाळी फिरायला गेल्यावर बादली भरली, रॉड सोडला आणि इन्व्हर्टरला जोडला. इन्व्हर्टर दीड हजार वॉटचा, रॉड हजाराचा. माझा हिशेब साधा होता: दीड हजारात हजार बसतात. अर्ध्या तासात पहिली बादली तापली. दुसरी माझ्यासाठी लावली. ती कोमट व्हायच्या आत इन्व्हर्टरने शिट्टी मारायला सुरुवात केली, आणि फ्रीजचा हिरवा दिवा विझला.

फ्रीजमध्ये अरविंदचे डोळ्यांत घालायचे थेंब होते. ते थंडच ठेवायचे, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

अरविंद परत आला तेव्हा मी हातात रॉड धरून उभी होते. त्याने रॉडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हा आईच्या बाथरूममधला ना?"

"हो."

"बॅटरी गेली?"

"हो."

"पाणी तापलंय का?"

"एक बादली."

"मग तेवढी वाया नको घालवू," म्हणाला आणि सदरा काढला. मी त्याच्या डोक्याला तेल लावलं. ओवाळताना मात्र मला दिसत होतं की आता इथून निघून विजेजवळ जावं लागणार, आणि वीज काही वाळवंटात मोकळ्या जागी लावून ठेवलेली नसते.

छतावरचं सोलर पॅनल शंभर वॉटचं, धुळीने माखलेलं. ते फ्रीजचा रोजचा खर्च कसाबसा भरून काढतं, रिकामी बॅटरी भरायला त्याला कित्येक दिवस लागले असते. गाडीच्या इंजिनावरही फारसं चार्जिंग होत नाही, कारण ट्रेलरला जाणारी आमची तार बारीक आहे. तुम्ही करून घेणार असाल तर जाड तार आणि मध्ये योग्य चार्जर बसवून घ्या.

गावाच्या तोंडाशी गाड्यांच्या बॅटऱ्या आणि पंक्चरचं दुकान होतं. चालवणारे हुसेनभाई दापोलीकडचे, साठीचे, पांढरी दाढी. आमचं मराठी ऐकून हातातलं काम टाकून आले. मी आधी थेंबांची पिशवी पुढे केली. काही न विचारता त्यांनी ती दुकानातल्या फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्याशेजारी ठेवली.

"आता सांगा, काय झाला?"

मी सांगितलं. ते कंबरेवर हात ठेवून हसायला लागले.

"रॉड? भाभी, तुमी फिरायला आलाव का बाळंतीण न्हाऊ घालायला?"

"माझी चूक झाली. पण इन्व्हर्टर तर दीड हजारचा आहे."

"इन्व्हर्टर म्हंजे तोटी. बॅटरी म्हंजे टाकी. तोटी मोठी लावली म्हनून टाकीत पानी वाढतंय का? उलट बिगी बिगी रिकामी होते." मग अरविंदकडे वळून म्हणाले, "टाकी केवढी?"

"शंभर अँपिअर-अवर."

"त्यातली निम्मीच तुमची. निम्म्याच्या खाली उतरवलात तर बॅटरी लवकर मरंल. एका बादलीत ती निम्मी गेली. दुसरी बादली म्हंजे चोरी."

वीज वापरायची ती फ्रीज, दिवे, पंप आणि फोनसाठी. ज्यात तार लाल होते ते सगळं, म्हणजे रॉड, किटली, इस्त्री, राइस कुकर, बॅटरीवर चालवायचंच नाही. हे वाक्य आता माझ्या ट्रेलरच्या दारावर चिकटवलेलं आहे.

बॅटरी ट्रेलरच्या तळाशी पक्की जखडलेली, ती काढून आणता येत नव्हती, आणि वीज हुसेनभाईंच्या मागच्या अंगणात होती. ट्रेलर रस्त्यापलीकडे ठेवून रस्त्यावरून वायर नेता येईना, तिथून होड्या ओढणारे पिकअप सतत जात होते. अंगण म्हणजे एक बंद बोळ, आणि त्याच्या तोंडाशी दोन बाजूंना जुन्या ऑइलची दोन पिंपं, सिमेंट ओतून पक्की केलेली. ट्रेलर उलटाच आत घालायला हवा होता. नाकाने शिरलो असतो तर उलटं बाहेर यावं लागलं असतं, आणि तेही रहदारीत.

"पिंपंच आहेत," अरविंद म्हणाला.

"मला दिसतायत," मी म्हटलं.

"हुसेनभाईंना सांगू? ते घेतील आत."

हुसेनभाई हात पुसत पुढे आलेच होते. चावी माझ्या हातात होती. ती दिली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं, आणि शनिवारी सालिम ट्रेलर घेऊन गेला असता. मी म्हटलं, "नको. तुम्ही फक्त एका पिंपाशी उभे राहा."

"आणि मी?" अरविंदने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "मला एका वेळी एकच पिंप दिसतं. तेवढं मी बघतो."

तो डावीकडच्या पिंपाशी जाऊन उभा राहिला, हुसेनभाई उजवीकडच्या.

ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं चालतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. अरविंदने एक युक्ती सांगितली ती सोन्यासारखी आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. मग जिकडे हात जाईल तिकडेच ट्रेलर जातो. पहिल्या खेपेला तो गाडीशी काटकोन करून उभा राहिला. दुसऱ्या खेपेला हुसेनभाई ओरडले, "बस! बस! पिंप म्हातारा हाय, सोडा त्याला!" मागे एक पिकअप थांबला, मग दुसरा. हॉर्न वाजला. माझी मान घामाने भिजली.

तेव्हा मला कॉन्व्हेंटातल्या शिवणाच्या सिस्टर आठवल्या. माझा उलटा टाका नेहमी वाकडा जायचा. त्या खांद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, मुली, हाताकडे बघू नकोस, सुई जिथून बाहेर येणार आहे तिथे बघ, आणि घाई करू नकोस. मी स्टिअरिंगकडे बघणं सोडलं. आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा तेवढा पाहिला. थोडं वाकडं गेलं की सरळ पुढे यायचं आणि पुन्हा जायचं. यात कमीपणा काही नाही, पण ते मला सहा परीक्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या खेपेला मागचा कोपरा डाव्या पिंपाजवळ आला आणि अरविंदने हाताचा पंजा दाखवला. सरळ. तो नजर न हलवता एकाच पिंपाकडे बघत होता. दुसऱ्या बाजूने आवाज आला, "यल्ला, भाभी, येऊ द्या!"

आत गेला. दोन्ही पिंपं जागेवर होती. मागच्या पिकअपवाल्याने जाताना पुन्हा हॉर्न वाजवला, या वेळी छोटा.

शुक्रवारी दुकान बंद, तरी हुसेनभाईंनी चार्जर सुरू ठेवू दिला. विजेचे पैसे घेईनात. मी शेगडीवर मुगाची खिचडी केली, त्यांच्या घरून तळलेली सुरमई आली. बायको दापोलीत, दोन वर्षांनी एकदा जाणं होतं, असं ते सुरमईचे काटे काढता काढता सहज सांगत होते.

शनिवारी चार वाजता अल अमेरातला पोचलो. सालिम आवारात सावलीला थांबला होता, बरोबर दोन्ही मुलं. आवारात ट्रेलर दोन ट्रकच्या मधे लावायचा असतो. आजवर तो अरविंदने लावला. अरविंद उतरला आणि डाव्या ट्रकच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. मी सालिमला काच खाली करून म्हटलं, "भाई, आप उधर खड़े रहो." तीन खेपा लागल्या.

सालिमने ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मुलांना आत डोकावू दिलं. मग अरविंदला म्हणाला, "नहीं बेचोगे ना?"

अरविंदने माझ्याकडे पाहिलं. "मालकिन से पूछो."

"नहीं," मी म्हटलं. वाईट वाटलं, कारण मुलं पलंगावर बसून बघत होती. फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारासाठी त्यांना ट्रेलर द्यायचा, असं तिथेच ठरवलं. शनिवार-रविवार म्हणजे इथले शुक्रवार-शनिवार, माझी सवय काही जात नाही.

घरी आल्यावर सामान लावलं. रॉड बाथरूममध्ये खिळ्याला टांगला, तिथे त्याला भिंतीतली वीज आहे. थेंब फ्रीजमध्ये ठेवले आणि संध्याकाळचे द्यायची वेळ झाली म्हणून एक बाटली पुन्हा बाहेर काढली. अरविंदने खुर्चीत मान मागे टाकली. मी त्याची खालची पापणी ओढली.

"मसिरा बेटावर जायला बोटीत गाडी उलटी चढवावी लागते म्हणतात," तो छताकडे बघत म्हणाला.

"हलू नकोस."

दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. तो डोळे मिटून बसला, हात मांडीवर.

"किती रुंद असते ती बोट?" मी विचारलं.