दोन्ही डोळे एकाच दिवशी

माझ्या बायकोची नजर म्हातारपणामुळे गेली, असं मी लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

चाकणच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मशीनवर नवीन काम लागलं की पहिला पीस माझ्याकडे यायचा. तो मोजून मी सही केल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. पोरं वैतागायची. "राव, तुमच्यापुढं देव आणून ठेवला तरी रिजेक्ट कराल!" मला त्याचा अभिमान होता.

मी निवृत्त झालो आणि तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. कडेचं दिसायचं, मधोमध डाग. दाराची चौकट वाकलेली वाटायची. "अवो, तुमचं तोंड दिसत न्हाई, कान तेवढे दिसत्यात. बरंच हाय की," ती म्हणायची. ती निघोजे गावची, बोलणं अजून तिथलंच. तरी ताट तिरकं धरून तांदूळ निवडायची. चिंचवडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पेशींचे उपचार अजून चाचणीत आहेत, आहे ती नजर सांभाळा. त्यांनी चौकटींचा एक कागद दिला. तो फ्रीजवर लावून ती रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायची, रेषा किती वाकल्यात ते.

मला धीर नव्हता. मोबाइलवर एका क्लिनिकचा व्हिडिओ पाहिला. पोटाची चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी डोळ्यात सोडायच्या, महिन्यात फरक. आम्ही गेलो. तिथला माणूस गोड बोलला. याआधी किती जणांना केलं, त्यांचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. कारखान्यात साध्या बोल्टाचंही सर्टिफिकेट मागणारा मी.

"एक डोळा करायचा की दोन्ही?" त्याने विचारलं.

"एकच करा," ती म्हणाली. "काय हुतंय ते बघू, मंग दुसरा."

"परत परत कोण खेटे घालणार? दोन्ही करून टाका," मी म्हणालो.

संमतीचा कागद तिला वाचता येत नव्हता. मी वाचला नाही. तिचं बोट धरून सहीची जागा तेवढी दाखवली.

चौथ्या दिवशी डोळे ठणकायला लागले. पंधरवड्यात दोन्ही पडदे सुटले. ऑपरेशन झालं, पण उजेड आणि अंधार यापलीकडे काही उरलं नाही. चिंचवडचे डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "दोन्ही? एकाच दिवशी?"

मुलाने हेच विचारलं तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. "तुझ्या आईचाच हट्ट," मी म्हणालो. तिने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "व्हय रं, माझाच हट."

तीन वर्षं मी तिच्या त्या वाक्याच्या आड राहिलो. मुलगा अजून तिला बोलतो, "स्वतःच्या हाताने वाटोळं केलंस, आई." ती ऐकून घेते आणि चाचपत तांदूळ निवडत राहते. जेवताना माझ्या दाताखाली खडे येतात. मी ते काढून ताटाच्या कडेला ठेवतो.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं.

"मला कशाला वाचता?" ती म्हणाली. "मी तितंच व्हते. पोराला वाचून दाखवा."

"तो मला काय म्हणेल?"

"मला म्हनतो तेच."