एका डोळ्याची मोजणी

रेवा, अद्वैत, सोमवारी माझ्या डोळ्याचं माप घेणार आहेत आणि फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, भीती वाटते का?" म्हणून आमच्या शेजारच्या निवृत्त मोजणीदारांबद्दल आजच लिहिते. अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात त्यांच्याइतका संशयी माणूस झाला नाही.

सारा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला. कोणतंही माप एकदाच घेणं म्हणजे त्यांच्या लेखी थाप मारणं. शिंप्यानं छाती मोजली की त्याला फीत उलटी धरून पुन्हा मोजायला लावायचे. कळंबच्या बाजारात ज्वारी एका काट्यावर तोलून झाली की पोतं समोरच्या दुकानात. "बाई, माप खोटं नसतंय, धरणारा हात खोटा असतोय," हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत.

लहानपणी बाभळीच्या काट्यानं त्यांचा डावा डोळा गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. डोळ्याची लांबी मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढतात. डोळा एकच, भिंग एकदाच बसणार. जुने नकाशे पुन्हा वाचता येतील की नाही, ते त्या मापावर होतं. बांधाच्या मोजणीला पंच नेतात तसे त्यांनी दवाखान्यात पंच नेले: यंत्रावरचे आकडे वाचायला मी आणि साक्षीला त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी.

आधी प्रकाशाचं यंत्र. हनुवटी टेकवून नुसतं दिव्याकडे बघायचं, डोळ्याला काही लागत नाही. पण मोतीबिंदू इतका दाट की प्रकाश पलीकडे पोचेना. मग ध्वनीचं यंत्र. बधिर करणारा थेंब टाकून तिथल्या मुलीनं पेनासारखी कांडी बुबुळाला टेकवली. मी मिलिमीटर वाचत गेले: बावीस पॉइंट नऊ, बावीस पॉइंट सहा, बावीस पॉइंट सात.

"पोरी, हात दाबायलीस तू. डोळा चेपला की माप आखूड येणारच."

"आजोबा, गप पडा. हे काय तुमचं रान हाय का?"

"रान असतं तर अपील केलं असतं. डोळ्याचं अपील कुठं करू?"

"करू द्या की तिला तिचं काम!" वहिनी म्हणाल्या. "बाई, बघायला आले तवा माझी उंचीबी दोनदा मोजली ह्यांनी."

"अन् दुसऱ्यांदा अर्धा इंच कमी भरली."

डॉक्टर आले. आकडे पाहून ते हसले नाहीत. "काकांचं बरोबर आहे," म्हणाले. त्यांनी डोळ्यावर एवढीशी वाटी बसवली, तिच्यात पाणी भरलं आणि कांडी पाण्यातच धरली, बुबुळाला न लावता. तेवीस पॉइंट एक. तीनदा तेच. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून मोजणीदारांना पुन्हा दिव्यापुढे बसवलं. मोतीबिंदूच्या कडेच्या विरळ भागातून प्रकाश एकदाचा आत शिरला. तेवीस पॉइंट एक!

"मघाचं माप धरलं असतं तर चष्म्याचा एक नंबर तरी चुकला असता," डॉक्टर म्हणाले.

"लिवा पंचनामा!"

आणि खरोखरच मापाच्या कागदावर त्यांनी डॉक्टरांसकट सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्यांची स्वतःची सही, दिसत नसल्यामुळे, माझ्या सहीवर चढली.

ऑपरेशननंतर पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी तो कागद मागितला. आपली वाकडी सही बघितली. मग तिच्याखाली पुन्हा केली, ओळीवर, सरळ. त्यानंतर चार वर्षं रोज नकाशे वाचले.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. वहिनींनी त्यांचं सामान वाटून टाकलं तेव्हा तो कागद मी मागून घेतला. तो माझ्याकडे आहे, सोमवारी बरोबर नेणार आहे.