पिनामामाच्या वतीने

पिनामामाचं बोलणं सेफ्टी पिनांमधून गाळून यायचं. चार पिना ओठांत धरून तो "श्वाश घे, पोट आत" म्हणायचा आणि समोरची बाई गपचूप श्वास घ्यायची. पाडव्याच्या शोभायात्रेला आमच्या कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका त्याच्याकडून नऊवारी नेसून घ्यायच्या. बुलेटवर बसा नाहीतर लेझीम खेळा, मामाचा काष्टा सुटणार नाही. "सुटला तर मी मिशी ठेवीन," म्हणायचा.

मामा चाळिशीतला, लग्न न केलेला, तळमजल्यावर आईसोबत राहायचा. कधी काजळ घालायचा, कधी आठवडाभर दाढी वाढवायचा. बिल्डिंगमध्ये कुजबुज चालायचीच. पण तोंडावर विचारायची हिंमत फक्त साठेकाकूंची. "मामा, तुमचं नक्की काय आहे हो?"

"माझं राहू दे काकू, तुमचा पदर बघा. लादी पुसतोय."

माझी ताई कॉलेजात चार नवीन गोष्टी शिकलेली. एका पाडव्याला नेसता नेसता तिने यादीच वाचली. गे, ट्रान्स, नॉन-बायनरी, अजून दोन-तीन. "मामा, आता शब्द आहेत रे. लपून राहायची गरज नाही. एक निवड."

मामाने तोंडातल्या पिना काढून हातात घेतल्या. असं तो क्वचितच करायचा. "लपलोय कुठे गं? समोर तर उभा आहे. शब्द छान आहेत तुझे, ज्याला होतात त्याने घालावेत. मला अजून कुठला मापात बसलेला नाही. बसला तर सांगेन. पहिलं आईला, मग तुला."

मी कोपऱ्यात फेटा बांधत होतो. हे सगळं ऐकलेलं मी.

आणि तरीही त्या गणपतीत, सोसायटीच्या कार्यक्रमात, नकला करायला माईक माझ्या हातात आला. सेक्रेटरी काढून झाले, वॉचमन काढून झाला. पब्लिक ओरडलं, "पिनामामा! पिनामामा!" मी ओठांत चार काड्या धरल्या. पहिल्याच "श्वाश घे"ला लोक लोळले. मग मला थांबता येईना. शेवटी मामाच्याच आवाजात, मानेला त्याचाच झटका देऊन, मी म्हणालो, "विचारताय ना सगळे? ऐका मग, मी आहे..." आणि ताईच्या यादीतला एक शब्द टाकला. तो इथे लिहीत नाही. एकदा बोललो तेवढं बस झालं.

टाळ्या तर अशा पडल्या! पहिल्या रांगेत मामाची आई बसलेली. ती हसत नव्हती, वळून मामाकडे बघत होती.

लोक वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. पण सगळे चांगलेच वागले. साठेकाकू म्हणाल्या, "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हां." तो शब्द लावून मामाची ओळख करून द्यायला लागले, कौतुकाने. दिवाळीनंतर मामाने घर विकलं आणि आईला घेऊन टिटवाळ्याला गेला.

मला जायला दीड वर्ष लागलं. मामाने दार उघडलं, पाणी दिलं. वाटेत "सॉरी" कसं म्हणायचं त्याची प्रॅक्टिस केलेली, पण ते नीट निघेना.

"आवाज मात्र हुबेहूब काढलेलास," तोच म्हणाला. "जरा वाईट काढायचास ना रे. आईला वाटलं, मीच बोललो."

"मामा, पण मी बोललो ते... चुकीचं होतं का?"

मला खरंच कळत नव्हतं. आणि हे विचारतानाच कळलं, की मी परत तेच करतोय.

मामाने माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला. "चूक की बरोबर, ते मी सांगणार होतो ना. कधीतरी. नाहीतर नसतंही सांगितलं." मग उठला. "चहा घेशील?"

चहा घेतला. कप विसळून ठेवला आणि निघालो.

बिल्डिंगमध्ये अजूनही कोणी विचारतं, तोच शब्द लावून, की काय म्हणतो रे तो? मी म्हणतो, मामा बरा आहे.

ते पुढचं ऐकायला थांबतात. मी जिना चढायला लागतो.