काकूंच्या घरी उरलेलं

सुमतीकाकू गेल्याचं मला पालीच्या एसटी थांब्यावर कळलं. शाळा सुटली होती, रत्नागिरीची गाडी यायची होती, तेवढ्यात वृंदाताईंचा फोन आला. वृंदाताई म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी, चिपळूणला दिलेली. "मास्तर, आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायची लाज वाटते. मला वाटलं, मग पातेल्यातल्या भाताचं काय झालं असेल? ज्या बाईनं उभ्या आयुष्यात एक शीत वाया घालवलं नाही, तिच्यामागे वाटीभर भात तसाच राहिला असेल... या कल्पनेनं मला तिथेच, चारचौघांत रडू फुटलं. त्याला आता दीड महिना झाला.

मी मूळचा माणदेशातला. बावीस वर्षांपूर्वी पालीच्या शाळेत नेमणूक झाली आणि रत्नागिरीत काकूंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. काकूंचे यजमान वर्षभरापूर्वी गेलेले, वृंदाताई सासरी, घरात त्या एकट्याच. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवायला बोलावलं आणि मी ताडकन नाही म्हणालो. कुणाच्या दारात भुकेल्या तोंडानं उभं राहायचं नाही, असं वडिलांनी लहानपणापासून बजावलेलं. दुष्काळी भागातल्या माणसाला या बाबतीत जरा जास्तच ताठा असतो, आणि माझ्या वाट्याला तो घरातल्या सगळ्यांपेक्षा अधिक आलेला. सकाळी काहीबाही शिजवायचो आणि तेच दोन्ही वेळा ढकलायचो. व्हायचं तेच झालं. पहिल्याच पावसाळ्यात कावीळ झाली. महिनाभर अंथरुणाला खिळलो, तोंडाची चव गेली, भाताकडे बघवेना. राजीनामा लिहून उशीखाली ठेवला आणि अंगात थोडी ताकद आली की गावची गाडी धरायची, हे पक्कं केलं.

अशातच एका सकाळी काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, वाईच पेज उरलीय. मला मेलं अन्न टाकवत नाही हो. खाऊन टाका नि वाटी तेवढी धुवून द्या." जेवायला या म्हणाल्या असत्या, तर मी पुन्हा नाहीच म्हटलं असतं. पण उरलेलं संपवायचं म्हणजे उपकार उलट मीच करणार होतो! मी ऐटीत वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज उरली, तिसऱ्या दिवशी मऊ भात उरला... दिवाळीला गावी जाऊन परत आलो तेव्हा मी तो राजीनामा फाडून टाकला.

पुढे दोन वर्षं मी काकूंचं उरलंसुरलं खाल्लं आणि त्या निमित्तानं कोकण शिकलो. त्यांच्या हाताखालून काही फुकट जात नसे. रस काढल्यावरच्या आंब्याच्या कोयींचं सांबारं, कलिंगडाच्या सालीखालच्या पांढऱ्या गराची थालिपीठं, नारळाचं दूध काढून राहिलेल्या चोथ्याची चटणी, तूप कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीत साखर. पण माझा जीव जडला तो निवगऱ्यांवर. मोदकांची उकड उरली की त्यात मिरची-जिरं वाटून घालायचं, चपट्या वड्या थापायच्या नि वाफवायच्या. वर कच्चं तेल. आमच्याकडे मोदक तळणीचे, त्यामुळे उकड उरते म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. महिन्यातून दोन-तीनदा बशी यायची आणि काकूंना मोदकांची फारच हौस दिसते, असं म्हणून मी ती चाटूनपुसून साफ करायचो.

एकदा, मे महिन्यात, परतफेड म्हणून मी त्यांची पडवी झाडायला घेतली. कोपऱ्यात टोपलीभर तांबड्या मातीची ढेकळं पडली होती. ती उचलली आणि मागच्या वहाळाच्या पाण्यात नेऊन ओतली. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवतात, हे माणदेशी माणसाला कोण सांगणार! काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, माझी श्रावणातली भाजी वाहवलीत तुम्ही!" आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. श्रावणात आठळ्यांच्या भाजीची वाटी आली. "उरलीय," म्हणाल्या. मी ती खाल्ली आणि वर नावाजलीही.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. बायको घरात आली त्या आठवड्यापासून काकूंकडे काही म्हणजे काही उरेनासं झालं. वयामुळे त्या बेतानं करायला लागल्या असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली. विद्यार्थ्यांना गणितं शिकवणाऱ्या माणसाची ही अक्कल.

गेल्या रविवारी आवराआवरीला वृंदाताई आल्या होत्या, म्हणून मी गेलो. त्या ओट्याशी भांडी पुसत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी निवगऱ्यांची आठवण काढली. त्यांचा हात थांबला.

"आईनं निवगऱ्या दिल्या? कधी?"

"महिन्यातून दोन-तीनदा तरी. उकड उरायची ना."

"मास्तर, आमच्याकडे मोदक वर्षातून एकदा, गणपतीत. आणि आईकडे उरायचं नाही हो काही. एकटीचे तांदूळ ती मुठीनं मोजून घ्यायची. चुकून घासभर राहिलंच, तर सकाळी स्वतः खायची. दुसऱ्याला शिळं देणं तिला पटायचंच नाही."

मी पाटावर बसलो. एकेक वाटी डोळ्यांसमोर यायला लागली. आठळ्या तर सगळ्या मीच वाहवल्या होत्या, मग भाजीला कुणाकडून मागून आणल्या असतील? माझ्यासाठी दुसऱ्याच्या दारात त्या उभ्या राहिल्या, आणि मी आपला ताठ! दोन वर्षं ही बाई सकाळी उठून मुद्दाम माझ्यासाठी रांधत होती आणि मला कमीपणा वाटू नये म्हणून त्याला उरलेलं म्हणत होती. माझी नोकरी, माझा संसार, माझ्या पोरांचं हे गाव, सगळं त्या पेजेवर उभं आहे. काकू, मला तुमचे आभार मानायचे होते हो... निदान एकदा तरी.

वृंदाताईंनी पुसलेली भांडी फळीवर मांडली. मग बायको-आई सोडून कुणाला कधीही न म्हटलेलं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"वृंदाताई, भूक लागलीय. काही खायला देता?"

त्या गडबडल्या. "अहो, आत्ता तर घरात काहीच नाहीय. करावं लागेल."

"करा," मी म्हटलं. "मी बसतो."