शेजारची कोंबडी

आई गेल्यावर अमळनेरच्या घरात आबा आणि मी, दोघंच उरलो. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते तेलगिरणीतून निवृत्त झालेले, मी कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला. मी सकाळी निघाले की दिवसभर त्यांना बोलायला कोणी नसे. एका बाजाराच्या दिवशी ते पिशवीतून कोंबडीचं पिल्लू घेऊन आले. "घरात जरा हालचाल राहील," एवढंच म्हणाले.

पिल्लाची चांगली तांबडी कोंबडी झाली. आबा जातील तिकडे मागे. दुपारी ते खुर्चीत बसले की ती चोचीने त्यांचा पायजमा ओढायची. मग आबा तळहातावर शेव घ्यायचे, ती टिपून खायची आणि मांडीवर चढून बसायची. एका हातात पेपर, दुसऱ्या हाताने तिच्या मानेची पिसं खाजवणं, असे आबा तासन्‌तास बसत. अंडी आम्ही खायचो, पण तिला कापायचा विषय घरात कधी निघाला नाही.

माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं तेव्हा धुळ्याच्या आत्याने एक स्थळ आणलं. मुलगा जळगावचा, पिंप्राळ्यात स्वतःचं घर, माणसं माळकरी. आत्या आदल्या दिवशीच आली आणि तिने पहिलं कोंबडीकडे बोट दाखवलं. मी आबांना म्हणाले, "उद्या ती दिसायला नको. आणि मागचं अंगण धुऊन घ्या, वास येतो." माझा आवाज कसा होता ते मला अजून ऐकू येतं. आबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिनेल टाकून अंगण धुतलं, तांबडीला मागे डालग्याखाली झाकलं, वर दगड ठेवला. मग इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा घालून पुढच्या खोलीत बसले. पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील. बोलणं ठीक चाललं होतं. आबा गिरणीच्या जुन्या गोष्टी सांगायला लागले आणि त्यांचा आवाज चढला तशी मागून तांबडीची कॉक कॉक सुरू झाली. आत्याने उठून पंखा वाढवला.

मी बिनकांद्याचे पोहे घेऊन बाहेर आले. हातात ट्रे होता, म्हणून पायाशी कोण आहे ते मला दिसलं नाही. दिसलं ते मुलाच्या आईला. तिने पाय वर घेतले. तांबडी डालगं कलंडवून, स्वयंपाकघरातून माझ्या मागोमाग आली होती. ती सरळ आबांकडे गेली आणि तिने त्यांचा पायजमा ओढला.

"तुमची का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही, नाही. शेजारनी शे ती." घाबरले की त्यांच्या तोंडून घरचीच बोली येते.

"किती वेळा सांगितलं त्या लोकांना," आत्या म्हणाली.

आबांनी पायाने तांबडीला दूर सारलं. ती परत आली. त्यांनी पुन्हा सारलं, या वेळी जरा जोरात. ती धडपडली, पंख फडफडवले आणि रोजच्यासारखी उडी मारून त्यांच्या मांडीवर बसली. मुलाचा बाप भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. आबांच्या हाताने खुर्ची घट्ट धरली होती. थोड्या वेळाने तो आपोआप सुटला आणि तिच्या मानेवर गेला. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं. कळलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं.

आमचीच आहे, हे दोन शब्द मला म्हणता आले असते. मी पोह्याच्या बशा मांडत राहिले.

चार दिवसांनी नकार आला. त्या संध्याकाळी मी कामावरून आले तर अंगण रिकामं. आबा म्हणाले, आत्याच्या दिरांचा धुळ्याजवळ मळा आहे, सकाळच्या एसटीने तिला तिकडे सोडून आलो. "तिथे तिला सोबत आहे. पुढच्या वेळी तुझी अडचण नको." रागावून नव्हे, समजुतीने म्हणाले. मी त्यांच्यासमोर जेवू शकले नाही.

रविवारी मी म्हटलं, चला, तिला घेऊन येऊ. ते नको नको म्हणत राहिले, पण पिशवी त्यांनीच काढली. मळ्यातल्या कोंबड्यांनी तिला टोचून टोचून तुऱ्याचं रक्त काढलं होतं. ती एकटीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बसली होती. आबांना खाली वाकणं जमत नाही, तरी ते मातीत गुडघे टेकून बसले. ती लगेच बाहेर आली नाही. आबा हात पुढे करून तसेच थांबले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले, कारण पुढे जायला मला तोंड नव्हतं. बऱ्याच वेळाने ती आली.

पुढे माझं लग्न झालं, दुसऱ्याच घरात. त्या माणसांना कोंबडीचं काही वाटलं नाही. माझा नवरा तर माहेरी आला की तिच्यासाठी मका आणतो.

पण आबांची एक सवय राहिली आहे. दारात कोणी अनोळखी आलं की ते बोलता बोलता उठतात, तांबडीला उचलतात आणि मागे नेऊन ठेवतात. मी म्हणते, "आबा, राहू द्या ना, बसा तुम्ही." ते म्हणतात, "असू दे, असू दे," आणि हात धुऊन परत येतात. मी आलेल्या माणसाला पाणी देते आणि आबांच्या तोंडाकडे बघायचं टाळते.