सात माणसांची हवा

खरं बोलून माणसं दुखावण्यात माझी हयात गेली. म्हातारपणी थाप मारली, ती टायरच्या दुकानात.

गाडी सात जणांची आहे. घेतली तेव्हा घरात माणसं सातच होती: आई, आम्ही दोघं, मुलगा, मुलगी, धाकटा भाऊ आणि भावजय. आई गेली. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगी बंगळूरला, मुलगा कॅनडात, भाऊ-भावजय कायमचे कुडाळला. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, विकून टाका ना ते धूड, छोटी गाडी घ्या." तिचं चूक नाही. पण छोटी गाडी घेणं म्हणजे आता या घरात कुणी येणार नाही, हे आपल्या सहीने कबूल करणं. ते मला करायचं नव्हतं. म्हणून गाडी बिल्डिंगखाली उभी राहिली आणि मी रोज सकाळी ती पुसत राहिलो.

एक दिवस पुसताना टायरच्या कडेला भेगा दिसल्या. मुलुंडमध्येच टायरचं एक दुकान आहे, मालकाच्या मागे त्याची मुलगी चालवते. चाळिशीची बाई, चष्मा कायम डोक्यावर. तिने भेगेत नख घातलं.

"काका, हे झिजले नाहीत, वाळलेत. उभ्या उभ्या गेले."

मला उगाचच राग आला. मी म्हटलं, नवे दाखवा. तर तिची चौकशी सुरू झाली.

"रस्ता कुठला? सिटी, हायवे, की गावचा कच्चा?"

"कोकण," मी म्हणालो. "दर महिन्याला. शेवटचे दोन किलोमीटर नुसता मुरूम."

"माणसं किती?"

"सात."

"सामान?"

"ते तर असतंच. येताना तांदूळ, फणस." एकदा सुटलो की मी थांबत नाही, हे बायको सांगायची ते खरं होतं.

तिने दोन टायर पुढे केले. एक साध्या रेघांचा, मऊ चालणारा, शांत. दुसरा जाड ठोकळ्यांचा, दणकट. "हा सिटीत आवाज करतो, डिझेल पण जरा जास्त पितो. पण तुमचा कच्चा रस्ता, वर सात माणसं. मग हाच घ्या." मला पहिलाच हवा होता, हे मला लख्ख कळत होतं. पण सात म्हणून बसलो होतो. आता कुठल्या तोंडाने मागे घेणार?

चारही बसले. मग तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आतल्या कडेचा स्टिकर वाचला. हवा किती भरायची ते त्यावर असतं. माणसांची बारीक चित्रं काढून दाखवलेलं. माणसं कमी तर हवा कमी, गाडी भरलेली तर जास्त.

"फुल लोडची भरते," ती म्हणाली. मी मान डोलावली.

गाडी काय उधळायला लागली म्हणता! प्रत्येक खड्ड्यावर मी सीटवरून उडायचो. त्यात टायर घोंघावायचे. खरं सांगायचं तर तो आवाज मला सुरुवातीला आवडला. घरी मी टीव्ही असाच चालू ठेवतो, बघत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, "उद्या बोरिवलीला जातोय, गाडी रिकामी आहे, कुणाला यायचं असेल तर सांगा." चार अंगठे आले. एकाने "शुभ प्रवास" लिहिलं. मी जाऊन आलो. बोरिवलीत माझं काहीच काम नव्हतं.

असं दोन महिने चाललं. कंबर धरली, तेव्हा भांडायला म्हणून दुकानात गेलो.

"टायरच वाईट दिलेत तुम्ही. गाडी बेडकासारखी उडते."

"थांबा, एक राऊंड मारू," म्हणून ती डावीकडच्या सीटवर येऊन बसली. गाडी गेटबाहेर काढली आणि टिंग टिंग, टिंग टिंग सुरू झालं.

"बघा!" मी ओरडलो. "आता हे काय नवीन? हे आधी कधी वाजत नव्हतं!"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पट्टा ओढून खटकन लावला. आवाज थांबला.

"माझा बेल्ट राहिला होता, काका."

त्या सीटवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की ते वाजतं. बायको कधी वेळेवर लावायची नाही. आधी पदर आवरायची, मग पर्स पायाशी ठेवायची, आणि तोवर मी कावायचो, "अगं, लाव की तो!" तो आवाज मी विसरलोच होतो. मला रडू आलं. नाक शिंकरल्यासारखं केलं आणि गाडी वळवली.

दुकानाशी उतरून ती वाकली आणि पुढच्या टायरवरून हात फिरवला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. "हे बघा. मधोमध घासलाय आणि कडेचे केस तसेच आहेत. हवा जास्त, वजन काहीच नाही. काका, खरं सांगा, गाडीत माणसं किती असतात?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती.

"एक," मी म्हणालो.

तिने पुन्हा दार उघडलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्टिकरवर बोट ठेवलं. तिला माझी दया येऊ नये म्हणून मी हसून म्हटलं, "एका माणसाची हवा ठेवा म्हणजे झालं."

ती सरळ, हिशेबी आवाजात म्हणाली, "एकाचं चित्र नसतं यात, काका. कमीत कमी तीन."

मी वाकून पाहिलं. खरंच, दोन पुढे आणि एक मागे.

"मग तीनची ठेवा," मी म्हणालो.