शिवणबाईनं बेतलेला इतिहास

"हा कुणाचा झंपर गं, शिवणबाई?"

हेडमिस्ट्रेसनी ब्राऊन पेपरचा तुकडा दोन बोटांत धरून स्टाफरूमभर दाखवला. पाच-सहा जणी हसल्या. एकीनं विचारलं, "बाही कुठाय?" परत हसल्या.

तो झंपर नव्हता. म्हैसूरचं तिसरं युद्ध होतं.

मी शिंप्याची मुलगी. बेंगळूरच्या पेटेत, जुन्या बाजारात, आमच्या पिढ्या गेल्या. मुलींच्या हायस्कुलात मी शिवण शिकवायची. नोकरी कायम नव्हती. दर जूनला हेडमिस्ट्रेसचं पत्र आलं तर पुढचं वर्ष.

एसएसएलसीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, वर्गातल्या आठ मुली माझ्याकडे सुईत हुशार आणि हेडमिस्ट्रेस स्वतः शिकवत त्या इतिहासात नापास. घोकायच्या आणि विसरायच्या. मी त्यांना धडा बेतायला शिकवला. शिंपी जोडायच्या दोन्ही कडांना कात्रीनं सारखी खाच पाडतो. मग बाही कुठे लावायची हे पाठ करावं लागत नाही. तसंच हे. एक युद्ध, एक तुकडा. वर कारण, मध्ये लढायांची चित्रं, खाली तह. तहात जे गेलं तिथे खाच. पुढच्या युद्धाच्या कारणाला तीच खाच. चार तुकडे जुळले की धडा उभा. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास.

त्यांतली सरोजा रंगाऱ्याची. शाळेच्या चाचणीत नापास झालेल्यांची नावं बोर्डाकडे जात नसत. नाव गेलं नाही तर तिला घरी उदबत्त्या वळायला बसवायचं ठरलेलं. बाकीच्या सातजणींचं थोड्याफार फरकानं तेच.

त्या दिवशी हसून झाल्यावर हेडमिस्ट्रेसनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावलं.

"तुझा तो तास चालू दे. पण आमच्या वत्सलाला पण हे स्वल्प शिकव. घरी येऊन. सरी?"

वत्सला त्यांची मुलगी. त्याच वर्गात.

"तिला शनिवारी पाठवा ना, मॅडम."

"त्या मुलींच्यात? हेडमिस्ट्रेसची मुलगी शिवणबाईकडे इतिहास शिकते म्हणून गल्लीभर सांगू काय? गळ्यात टेप घालून येत जा. कुणी विचारलं तर मापं घ्यायला आलीस."

नाही म्हटलं तर तास बंद. मीही "सरी, बरं" म्हटलं.

सहा आठवडे गेले. जयनगरात त्यांचं नवं घर. मी गळ्यात टेप घालून बसमधून उतरायची. एकदा शेजारीण आली. "अय्यो, माझे पण दोन झंपर शिवा की!" मी उठले. तिची मापं घेतली. छाती, कंबर, दंड. हेडमिस्ट्रेस दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हात चांगला आहे हो तिचा."

वत्सला भराभर शिकली. एका दुपारी तिनं विचारलं, "तुम्हाला अक्का म्हणू?" आतून आवाज आला, "शिवणबाई म्हण."

चाचणी झाली. आठही मुली इतिहासात पास. मी माझ्या यादीत आठ नावांपुढे आठ खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं.

टेबलावर पेपरांचा गठ्ठा. वर आठ पेपर वेगळे काढलेले.

"आठहीजणींचं उत्तर एकाच क्रमानं. आधी तह, त्या तहातून पुढच्या युद्धाचं कारण. पुस्तकात असं नाही, मी असं शिकवलेलं नाही. ही कॉपी आहे."

"त्या तशाच शिकल्या, मॅडम."

"माझ्या विषयात शिवणबाईनं पास केलं म्हणून सांगू काय? चित्रं काढून कुणी इतिहास शिकत नाही. वर्गात चिठ्ठ्या नेल्या असणार. तुझ्याच."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. लिहून तयार होता. मी या मुलींना चिठ्ठ्या करून दिल्या, असा. खाली आठ नावं आणि सहीची जागा.

"सही कर. तुझं पत्र जूनला येईल. त्या मुली बसतील पुढच्या वर्षी. काय बिघडलं?"

खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं. घरात मिळवती मी एकटी. मनात हिशोब झाला होता आणि तो सहीच्या बाजूनं होता.

मग सरोजाचा पेपर दिसला. पुढचं वर्ष म्हणे. तिला पुढचं वर्ष नव्हतंच.

मी गठ्ठ्यात हात घातला. "हात लावू नको," हेडमिस्ट्रेस म्हणाल्या. मी लावला. खालून चौथा पेपर काढला आणि आठांच्या वर ठेवला. वत्सलाचा. तोच क्रम. समासात तिनं पेन्सिलीनं छोट्या खाचासुद्धा काढल्या होत्या.

"आठ नाहीत, मॅडम. नऊ आहेत. नऊ नावं लिहा, मी सही करते."

बाहेर शिपाईणबाई घंटा देऊन गेली. हेडमिस्ट्रेसनी कागद ओढून घेतला, चार तुकडे केले. बोर्डाची यादी काढली आणि माझ्यासमोर आठही नावं लिहिली. सरोजाचं शेवटी.

मान वर न करता म्हणाल्या, "जूनला वाट बघू नको."

"नाही बघत."

जूनमध्ये पत्र आलं नाही. त्याचं मला नवल नव्हतं. डाचलं ते दुसरंच. मुलींवर चिठ्ठ्यांचा आळ घेता आला, कारण सहा आठवडे मी स्वतःच माझं शिकवणं चोरीचा माल असल्यासारखं लपवून नेलं होतं. हेडमिस्ट्रेसनी सांगितलं, मी ऐकलं.

आता नाही. माझ्याकडून शिकायचं असेल त्यानं दिवसाउजेडी शिकावं, सगळ्यांच्यात बसून, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगावं. ते जमत नसेल त्याला मी एक अक्षर शिकवणार नाही. मग तो कुणाचाही कुणी असो.